तेलाचा नियम

आमच्या घरात आत्तीची भाजी वेगळी शिजायची. पहिल्यापासून नाही, मी कॉलेजात जायला लागले त्यानंतर. लहान पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात दोडका नाहीतर गवार पडायची, वरून मीठ-तिखट आणि दाण्याचं कूट. फोडणी नाही, तेलाचा थेंब नाही. माझा थोरला भाऊ, दादा, शिरवळच्या कंपनीत कामाला होता. सुट्टीला घरी आला की तो मुद्दाम विचारायचा, "आत्ती, दाण्यात तेल नसतंय व्हय गं?" आत्ती ताटावरून मान वर न करता म्हणायची, "दाण्यात देवानं घातलंय. मी न्हाई वतलं." दादा हसायचा, आम्ही हसायचो, आणि आई कोपऱ्यात तोंड फिरवून भाकरी थापत राहायची.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची, आप्पांची, थोरली बहीण. लग्न होऊन थोडे दिवस झाले आणि नवरा गेला. ती जी माहेरी आली ती आमचीच झाली. आमचं घर जैन शेतकऱ्याचं. पण आमच्यातही आत्तीएवढं कडक कुणी नव्हतं. पाणी गाळल्याशिवाय ती गुरांनाही देत नसे, दिवस बुडाल्यावर तोंडात काही घालत नसे, चातुर्मासात तर ती काय खाते यापेक्षा काय खात नाही हेच जास्त. पण एका गोष्टीची तिला लय आवड होती. शेंगदाण्याची चटणी उखळात कुटायची, भाकरीवर तिचा ढीग ठेवायचा, त्यात बोटानं खड्डा करायचा आणि त्या खड्ड्यात घाण्यावरचं शेंगतेल काठोकाठ ओतायचं. तुकड्यानं ते तेल टिपताना ती डोळे मिटायची. देवापुढंसुद्धा इतके घट्ट मिटायची नाही. आप्पा चेष्टा करायचे, "आक्का, तुला मोक्षाची वाट अडवणार ती ही चटणी." यावर ती म्हणायची, "अडवू दे. तेवढ्यापुरती परत येईन."

ते तेल तिनं सोडलं ते एका कबुतरासाठी. माझी मुलगी आता कॉलेजात आहे, तिला हे सांगितलं तर ती म्हणते, "आई, काहीतरीच." तिला पटावं म्हणून मी हे लिहीत नाही. झालं ते असं झालं.

आमचं गाव कृष्णेच्या काठाला, सांगली आणि मिरज यांच्या मधल्या पट्ट्यात. थंडी सरता सरता आमच्याकडं हळद निघायची. अंगणात मोठी काईल चढायची, उसाच्या पाचटाचा जाळ, आणि शिजलेल्या हळदीचा तो ओलसर, मातकट वास. अंथरुणाला, दप्तराला, केसांना, सगळ्याला यायचा. कॉलेजात पहिल्या बाकावर बसले की मागच्या पोरी नाकं मुरडायच्या. मी मागं वळून बघायची नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी तेव्हाही सांगत होते आणि आताही सांगते, त्यात लाजायचं काय? आप्पा चौथीत शाळेतून उठले, आईला सहीपुरतं येत होतं, दादा दहावीनंतर कंपनीत गेला. मला सायन्सला घातलं तेव्हा भावकीतले म्हणाले होते, "पोरगी शिकून बेडकं फाडणार आणि आपण जीवदया सांगायची." आत्तीच त्यांच्यावर तुटून पडली होती. म्हणाली, "ती काय फाडंल ते तिचं ती बघंल. तुमी दुसऱ्याच्या लेकरांची तोंडं फाडायची थांबवा." नंतर मात्र मला आत बोलावून तिनं हळूच विचारलं होतं, "खरंच फाडायला लागतंय का गं?" मी म्हटलं, "लागतंय." त्या दिवशी ती जेवली नाही. पण कॉलेज सोड म्हणून म्हणाली नाही.

तर त्या हळदीच्या दिवसांत, सकाळची उन्हं अंगणात आली होती, आणि वाळत घातलेल्या हळदीवर वरून काहीतरी धप्पदिशी पडलं. आईला वाटलं नारळाची झावळ. बघतो तर कबुतर. देवळावर बसतात तसलं साधं नव्हे. छाती भरलेली, मान हिरवी-जांभळी, राखाडी पंखावर दोन काळे पट्टे ओढल्यासारखे. एका पायात अक्षरं-आकडे असलेली कडी, दुसऱ्यात रबराचं वळं. पाठीवर आणि एका पंखाच्या मुळाशी नखांनी ओरबाडलेलं होतं. वर आकाशात शिकरा अजून घिरट्या घालत होता. पाखरू हळदीत पाय रुतवून उभं होतं. आमच्याकडं बघत नव्हतं, वरही बघत नव्हतं. उभं होतं, एवढंच.

आत्तीनं हातातली पाटी टाकली आणि पदर पसरून त्याच्या अंगावर पडल्यासारखी बसली. शिकऱ्याकडं बघून तिनं ज्या शिव्या दिल्या त्या जीवदयेत कशा बसतात हे मला अजून कळलेलं नाही. मग तिनं ते पदरात घेतलं, चुलीपाशी आणलं, आणि जे आमच्या घरात कुणाच्याही जखमेला होतं तेच केलं. घरचीच हळद, घरचंच शेंगतेल. पळीत कोमट केलं, हळद कालवली आणि लावलं. बैलाच्या खांद्याला तेच, माझ्या गुडघ्याला तेच, आप्पांच्या भेगाळलेल्या टाचांना तेच. आणि आत्तीचा हात सढळ. नुसत्या जखमेवर लावून ती थांबली नाही. बाळाला न्हाऊ घालायच्या आधी चोळतात तसा तिनं तो अख्खा पंख उलगडून चोळला. "दुखतंय व्हय रं माझ्या राजा, दुखतंय व्हय," म्हणत एकेका पिसातून बोट फिरवलं. दुसरा पंख बरा होता, तर "त्याला तरी का कोरडं ठेवायचं" म्हणून त्यालाही लावलं. मी शेजारी बसून पळी धरली होती. पक्ष्याच्या पिसाची आकृती मी त्याच वर्षी प्रॅक्टिकलच्या वहीत काढली होती, मधला कणा, बाजूचे तंतू, तंतूंना तंतू अडकवणारे बारीक आकडे. पण वहीतलं पीस आणि आत्तीच्या मांडीवरचं पीस एकच, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. कुणाच्याच आलं नसतं. घरात जखम होती आणि घरात तेल-हळद होती.

त्याचं नाव तिनं 'पावणा' ठेवलं. कोंडून ठेवायला तिचा विरोध, मुक्या जिवाला कोंडणं पाप. म्हणून दिवसभर तो अंगणात मोकळा, आणि मांजर येईल म्हणून आत्ती काठी घेऊन शेजारी. रात्री तेवढी त्याच्यावर बुट्टी पालथी घालायची, तीसुद्धा खाली दगड लावून, वारं लागावं म्हणून. पावण्याला जोंधळे, पावण्याला गाळलेलं पाणी. आणि दिवस बुडाला की त्याच्यापुढचे दाणे उचलायचे. आप्पा म्हणाले, "आक्का, त्याला बी नियम दिलास व्हय?" आत्ती म्हणाली, "आपल्या घरात हाय तवर आपल्या रीतीनं."

जखम लवकर भरली. आठवड्याभरात खपली धरली, डोळा लाल-पिवळा झळझळीत झाला, दाणे टिपताना मान अशी उडायची की बघत राहावं. पण उडेना. पंख पसरायचा, फडफडायचा, वीतभर उठायचा आणि तिरका होऊन पडायचा. पिसं एकमेकांना चिकटून त्यांच्या वाती झाल्या होत्या. मला कळलं ते तेव्हा. रिठ्याचं पाणी करून मी आणि आईनं त्याला धुतलं. तेल थोडं गेलं, हळद तशीच राहिली, आणि पाखरू असं कापायला लागलं की आत्तीनं त्याला छातीशी धरून चुलीपुढं बसूनच सगळी दुपार काढली. सुकल्यावर पिसं आणखी विस्कटली. जुन्या केरसुणीसारखी. त्यानंतर पुन्हा धुवायचं धाडस कुणी केलं नाही.

माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीचे मामा मिरजेत राहायचे, हारुणमामा. त्यांना कबुतरांचा नाद. गच्चीवर मोठी ढाबळ होती, सगळ्या मिरजेत आपल्याइतकी पाखरं कुणाला कळत नाहीत असं ते स्वतःच सांगायचे. मैत्रिणीनं सांगितल्यावर ते एका रविवारी स्कूटरवरून आले. गळ्यात दोरी, दोरीला मोबाइल. गावात तेव्हा एक-दोघांकडंच होता, त्यामुळं पोरं कबुतर सोडून मोबाइलच बघायला जमली. त्यांनी पावण्याला उचललं, कडी वाचली आणि शीळ घातली. "आयला, होमर हाय हे. रेसचं पाखरू. कुठनं कुठं चाललंय बघा गड्या. बंगळूरकडचं हाय." मग पंख उलगडला आणि थांबले. बोटं एकमेकांवर घासली, वास घेतला.

"तेल कुणी लावलं?"

आई माझ्याकडं बघायला लागली, मी जमिनीकडं. आत्ती म्हणाली, "मी लावलं. का वं?"

"का म्हंजे? आवं आक्का, पराला तेल लावतं का कोण? तुमच्या लुगड्यावर डांबर सांडलं तर? तसं झालं हे. जखमेनं काय न्हवतं होत याला, चार दिवसात उडून गेलं असतं. या तेलानं बसवलं खाली."

हे बोलताना त्यांना काही वाटलं नसावं. ते चहा पीत होते.  आत्तीनं हात पुढं करून पाखरू मागून घेतलं आणि पदरानं त्याचा पंख पुसायला लागली, जसं काही अजून पुसून जाणार होतं.

"मग आता काय करायचं?" मी विचारलं.

"जुनी पिसं गळून नवी येत्यात, पावसाळ्यापासनं. लय टाइम लागतोय. न्हाईतर उपटायची. थोडी आत्ता, ती फुटली की फिरून थोडी. जागेवर नवी येत्यात लवकर."

"उपटायची?" आत्ती म्हणाली. "जित्या पाखराची?"

"मग मेल्यावर उपटून काय उपयोग?" ते हसले. कुणी हसलं नाही. मग म्हणाले, "असं करा, मला द्या. मी बघतो त्याचं. आमच्यात चुकून आलेलं पाखरू ज्याच्या दारात पडलं त्याचं, परत कोण मागत न्हाई, देत न्हाई. जोडी लावतो, पिल्लं काढतो."

"म्हंजे कोंडून घालणार."

"ढाबळीत मजा असती वं."

"त्याचं घर हाय न्हवं कुठंतरी?"

"घर हाय की."

"मग ते तिकडंच जाणार," आत्ती म्हणाली.

हारुणमामांनी तिथंच उभ्या उभ्या मोबाइलवरून एकाला, त्याच्याकडून दुसऱ्याला असं करत शेवटी मालकाला गाठलं. हिंदीत काहीतरी बोलले. फोन ठेवून म्हणाले, "ठेवून घ्या म्हणतोय. रेसमधनं खाली बसलेलं पाखरू त्याला नको हाय."

आत्ती म्हणाली, "त्याला नको असंल. पाखराला तो पाहिजे हाय न्हवं?"

यावर मिरजेतल्या सगळ्यात मोठ्या जाणकारांनी कपातला उरलेला चहा संपवला. ते स्कूटरला किक मारून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्ती बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, गेली आणि नियम घेऊन आली. घरात कुणाला विचारलं नाही. आईनं चटणीवर तेल ओतायला भांडं उचललं तशी आत्तीनं भाकरीवर हात आडवा धरला. "नको गं. हे पाखरू त्याच्या घरी पोचंतवर तेल बंद."

आप्पा जेवता जेवता थांबले. "आक्का, उडंतवर म्हणायचं. पोचलं का न पोचलं ते आपल्याला कोण सांगाय येणार हाय?"

"उडणं म्हंजे पोचणं न्हवं," ती म्हणाली आणि कोरडी चटणी खाऊ लागली. तिखटानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिखटाचंच होतं असं मी धरून चालते.

दिवसामागून दिवस गेले. पावणा अंगणात चालायचा. आकाशातून दुसरी कबुतरं गेली की मान वाकडी करून एका डोळ्यानं वर बघायचा. संध्याकाळी दक्षिणेकडच्या भिंतीला जाऊन उभा राहायचा. रोज तीच भिंत. आत्ती मला विचारायची, "पद्मे, तुझ्या पुस्तकात काय हाय का गं?" मी पुस्तक उघडून बसायची. पुस्तकात पिसाची आकृती होती. "न्हाई गं आत्ती," म्हणायची. पिसं उपटायचं नाव कुणी काढत नव्हतं. आणि पावसाळ्यापर्यंत थांबायचं तर पावसात शिकरे, मांजरं, आजार. पाखरू टिकेल याची खात्री कुणाला होती? आम्ही सगळे त्या पाखराभोवती नुसते बसून होतो. दादा सुट्टीला आला तेव्हा म्हणाला, "घरात पेशंट असल्यावानी का बसलायसा सगळे?" आणि थोड्या वेळानं तोही बसला.

त्याच दिवसांत गावात आर्यिका माताजी, आमच्यातल्या साध्वी, पायी विहार करत आल्या आणि त्यांचा केशलोच झाला. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात साधू-साध्वी केस कापत नाहीत, स्वतःच्या हातानं उपटून काढतात. बोटं सरकू नयेत म्हणून राख लावायची आणि एकेक बट ओढायची. बस्तीच्या पुढं मांडव होता, गाव लोटलं होतं, बायका भजनं म्हणत होत्या. आत्ती अगदी पुढं बसली होती, मी तिच्या शेजारी. माताजी म्हाताऱ्या होत्या, अंग काडीसारखं. कानामागचे केस ओढताना कातडी वर उचलली जायची आणि मग केस सुटायचे तसा बारीक आवाज यायचा. चेहऱ्यावर काही नव्हतं. आजूबाजूच्या बायका रडत होत्या. आत्ती दर वेळी रडायची, त्या दिवशी रडली नाही. ती माताजींची बोटं बघत होती. नुसती बोटं, राख लावलेली.

घरी येताना ती म्हणाली, "त्यांनी आपणहून घेतलंय. या मुक्याला कुणी विचारलंय?"

मी म्हटलं, "न्हाई विचारता येत."

"तेच की," ती म्हणाली. 

सकाळी मी कॉलेजला निघाले होते. आत्तीनं चुलीतली राख चाळून वाटीत घेतली होती आणि ती मांडी घालून बसली होती, पावणा मांडीवर. "दप्तर ठेव," ती म्हणाली. "मी धरते. तू उपट. माझ्या हातनं हुणार न्हाई." आई आत निघून गेली. आप्पा गोठ्याकडं गेले. आत्तीनं त्याचं डोकं पदराखाली घेतलं आणि णमोकार म्हणायला लागली. मी बोटांना राख लावली.

हे लिहिणं सोपं नाही. पीस ज्या दिशेला वाढलेलं असतं त्या दिशेनं, एका झटक्यात ओढायचं असं मी घरात न सांगता हारुणमामांकडून विचारून आले होते. ओढलं. पाखरू ओरडत नाही. मांजर ओरडलं असतं, कुत्रं ओरडलं असतं. ते पदराखाली नुसतं आखडलं, आणि त्याची छाती आत्तीच्या हातात किती वेगानं हलत होती ते मला बाहेरून दिसत होतं. पिसाच्या टोकाला रक्ताचा ठिपका. दुसरं पीस. आत्तीचा मंत्र थांबत नव्हता, पण आवाज बारीक बारीक होत गेला. बेडूक फाडताना मी कधी थांबले नव्हते. त्या दिवशी मी थांबून थांबून हात ओढणीला पुसत होते. झाल्यावर आत्तीनं पिसं गोळा केली, मूठभर हळदीनं पिवळी पिसं, आणि विचारलं, "आणि परत करायचं?"

"अजून दोनदा तरी," मी म्हटलं. खोटं सांगून उपयोग नव्हता, तिलाच धरायचं होतं.

नवी पिसं आली. आधी निळसर नळ्या, रक्तानं भरलेल्या, हात लावला तरी पाखरू अंग चोरायचं. मग त्या नळ्या फुटून त्यांतून स्वच्छ, हळदीचा डाग नसलेली पिसं उलगडली. मग उरलेली उपटायची. पुन्हा राख, पुन्हा पदर. पहिल्यांदा त्याला ठाऊक नव्हतं काय होणार आहे. नंतर राखेची वाटी दिसली की ते आत्तीच्या मांडीतून उठून पळायचं. पळून जायचं कुठं? अंगणाच्या त्याच भिंतीपाशी. आत्ती जाऊन त्याला घेऊन यायची. येताना काय बोलायची ते मी कधी ऐकलं नाही. ऐकायचा प्रयत्नही केला नाही.

पावसाळा सरल्यावर एक दिवस तो उडाला. सहज, जणू कालही उडत होता. आमच्या घरावर एक मोठा फेरा घेतला, दुसरा घेतला, आम्ही सगळे अंगणात माना वर करून उभे, आईचे हात पिठाचे. आत्तीनं हात जोडले होते. आणि पावणा खाली येऊन आमच्याच कौलांवर बसला.

आप्पांना हसू आलं. "राहतोय वाटतं. आपला झाला."

आत्तीचा चेहरा मी कधी विसरणार नाही. इतके महिने ज्याला पदरात धरलं त्याच्यावर ती खेकसली. "जा की रं! इथं काय हाय तुझं? जा!" तिनं ओंजळभर शेंगा भिरकावल्या. तो उडून दुसऱ्या कौलावर बसला. असं किती तरी दिवस चाललं. सकाळी उडायचा, फेरे घ्यायचा, दुपारी परत. आत्तीनं दाणे ठेवायचे बंद केले. तर तो भुकेला तिच्यापुढं येऊन चालायचा आणि ती पाठ फिरवून बसायची. पाठ फिरवलेल्या आत्तीच्या मागं तो या बाजूनं त्या बाजूला. मी दोघांसाठीही काही करू शकत नव्हते.

मग एक दिवस तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गेला. उडून गेला की शिकऱ्यानं नेला, कुणी पाहिलं नाही. आप्पा म्हणाले गेला दक्षिणेला. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं की ओढ्याकडं कसलीतरी पिसं पडलीत. मी धावत जाऊन बघून आले. पारव्याचीही असू शकत होती. आत्तीनं विचारलं, "त्याची?" मी म्हटलं, "सांगता येत न्हाई." खरोखरच सांगता येत नव्हतं.

मी मिरजेला जाऊन हारुणमामांना गाठलं. म्हटलं, मालकाला विचारा, पाखरू आलं का. त्यांनी दोन-तीनदा फोन लावला. एकदा लागला. ऐकून त्यांनी मोबाइल सोडला, तो दोरीला लोंबकळत राहिला. "पोरी, त्यानं नाद सोडला म्हणतोय. पाखरं वाटून टाकली. ढाबळ मोडून गच्चीवर मजला चढवाय लागलाय."

येताना एसटीत मी ठरवत होते, घरी काय सांगायचं. ठरवायचं काही नव्हतं. गेले आणि जसं होतं तसं सांगितलं. आत्ती वाती वळत होती. हात थांबले. अर्धी वळलेली वात धरून म्हणाली, "म्हंजे गेलं असंल तर बसलं कुठं?"

  आज मोबाइलवर फोटो टाकला की जग हुडकून काढतात म्हणे. मोडलेल्या ढाबळीवर येऊन बसलेलं पाखरू कोण हुडकणार?

नियम तसाच राहिला. आप्पांनी समजावलं, बस्तीतल्या पंडितांनी समजावलं, प्रायश्चित्त घेऊन सोडता येतं म्हणाले. आत्ती म्हणायची, "पोचलं असंल तर तेल न खाल्ल्यानं माझं काय जातंय? आणि पोचलं नसंल, तर?" दादानं मला बाजूला घेतलं. "पद्मे, तू का सांगून टाकत न्हाईस? फोन आला हुता, पाखरू पोचलं. झालं. म्हातारी खाईल तरी." मी म्हटलं, "तूच सांग." तो म्हणाला, "माझ्यावर तिचा इस्वास न्हाई. मी लबाड हाय म्हणून तिला म्हाईत हाय. तू सांगितलंस की ती मानंल." हे खरं होतं. आत्ती सगळ्यांना सांगायची, आमची पद्मी तोंडावर बोलती, वाईट वाटंल पण खोटं न्हाई बोलणार. ते ऐकून मला लय अभिमान वाटायचा. आता तोच आडवा येत होता.

माझा बी.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी आप्पांनी गल्लीत पेढे वाटले. ज्यांनी बेडकांवरून बोल लावले होते त्यांना दोन-दोन दिले. आईनं पुरण घातलं. दादा शिरवळहून आला होता. आत्ती दिवस असतानाच जेवायची, म्हणून तिचं ताट आधी वाढलं. मी स्वतः उखळात चटणी कुटली होती. भाकरीवर ढीग घातला, बोटानं खड्डा केला आणि घाण्यावरचं तेल काठोकाठ ओतलं. नेऊन तिच्यापुढं ठेवलं. "आत्ती, आज माझ्यासाठी."

मागच्या दारातून उतरतं ऊन ताटावर आलं होतं आणि त्या खड्ड्यात तेल चमकत होतं. आत्ती वाकली. वास घेतला.  मग तिनं माझ्याकडं बघितलं. रागावून नव्हे. कित्येक दिवसांची भूक लागलेलं माणूस बघतं तसं.

"पोचलं म्हणून सांग," ती म्हणाली. "खाते."

 आप्पा माझ्याकडं बघून हळूच मान हलवत होते, सांग, सांग. आईनं पदर तोंडाला लावला होता. दादा न राहवून म्हणाला, "बोल की गं एक शब्द! पदवीला काय भोक पडतंय व्हय?"

ऊन ताटावरून सरकत होतं. आत्ती म्हणाली, "दिवस बुडतोय पद्मे. लौकर."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. आणि म्हणाले, "मला ठाव न्हाई, आत्ती."

तिनं श्वास सोडला. ताट माझ्याकडं सरकवलं. "मग तू खा. तुझ्या पदवीचं हाय."

मी तिच्यासमोर बसले आणि खाल्लं. खड्ड्यातलं तेल तुकड्यानं टिपून टिपून, सगळं. ती माझा हात तोंडाकडं जाताना बघत होती. ऊन उंबऱ्याबाहेर गेलं, दिवस बुडाला. आत्तीनं पाण्याची चूळ भरली.

"तेल ताजं हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"हाय," मी म्हटलं. तेवढंच मला सांगता येत होतं.